किडनीतील लहान गाठ: शस्त्रक्रियेआधी सुईने बायॉप्सी करावी का?

भीमाकाठ

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. पित्ताशयातील खड्यांसाठी त्यांच्या पोटाची सोनोग्राफी केली असता डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला एक गाठ दिसली. नंतर केलेल्या सीटी स्कॅनच्या अहवालानुसार तिचा आकार २.९ सेंटीमीटर आहे, ती भरीव आहे, काँट्रास्ट (स्कॅनआधी शिरेतून देतात ते रंगद्रव्य) दिल्यावर ती उजळते आणि तिच्यात चरबी आढळलेली नाही. फुप्फुसे, यकृत आणि लसिकाग्रंथी यांत काहीही सापडलेले नाही. लघवीतून रक्त जाणे, कंबर दुखणे, वजन घटणे यांपैकी एकही तक्रार त्यांना नव्हती आणि आजही नाही.

त्यांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह आहे, क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्तचाचणी) वाढून १.७ झाले आहे आणि काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाल्यामुळे अ‍ॅस्पिरिनची गोळी रोज चालू आहे. सोलापुरात दाखवलेल्या युरोलॉजिस्टांचे म्हणणे असे की, अशा गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्याच निघतात, तेव्हा तपासणीत वेळ न घालवता गाठ काढावी. जमल्यास गाठीपुरता भाग काढू, न जमल्यास पूर्ण किडनी काढावी लागेल. पुण्यात दुसरे मत घेतले, तर तेथील डॉक्टरांनी आधी सीटी स्कॅनच्या मदतीने सुईने बायॉप्सी करावी आणि अहवाल आल्यावरच पुढचे ठरवावे, असे सांगितले. दोघेही अनुभवी आहेत, दोघांनीही आम्हाला पुरेसा वेळ दिला, आणि नेमके त्यामुळेच आम्ही अधिक गोंधळलो आहोत.

घरात वेगळाच वाद चालू आहे. गाठीला सुई लागली की रोग अंगभर पसरतो, असे माझ्या आत्याचे ठाम मत आहे आणि त्या धास्तीने वडील बायॉप्सीचे नाव काढले तरी विषय बदलतात. या भीतीत तथ्य किती? बायॉप्सीचा अहवाल कितपत भरवशाचा असतो? आणि क्रिएटिनिन व रक्त पातळ करणारी गोळी लक्षात घेता ती करणे सुरक्षित आहे का? ज्यांना या विषयाची प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे. निर्णय आम्ही आमच्या डॉक्टरांशी बोलूनच घेऊ, परंतु त्यांना काय विचारायचे हे तरी आम्हाला कळलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे.

क्षकिरण

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि अशा बायॉप्सी करणे हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यामुळे माझे माप बायॉप्सीच्या बाजूला थोडे झुकलेले असणार, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

स्तन, फुप्फुस, यकृत, प्रोस्टेट अशा बहुतेक अवयवांत गाठ आढळली की आधी तुकडा तपासला जातो आणि मग उपचार ठरतात. किडनी मात्र कित्येक दशके या रिवाजाला अपवाद राहिली. त्याला कारणेही होती. पूर्वी किडनीची गाठ लक्षात येई ती लघवीतून रक्त गेल्यावर किंवा पोटात गोळा हाताला लागल्यावर. तोवर ती मोठी झालेली असे, आणि एवढ्या मोठ्या भरीव गाठीबद्दल स्कॅनवरून काढलेला अंदाज सहसा चुकत नसे. शिवाय तेव्हा बारीक सुईने केवळ पेशी ओढून घेतल्या जात आणि तेवढ्यावरून पॅथॉलॉजिस्टला ठामपणे काही सांगता येत नसे. आता चित्र बदलले आहे. खड्यांसाठी, गॅसेससाठी, विम्याच्या तपासणीसाठी सोनोग्राफी होते आणि कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाच्या किडनीत दोन-तीन सेंटीमीटरची गाठ दिसते. चार सेंटीमीटरपर्यंतच्या अशा गाठींपैकी साधारण पाचातील एक गाठ कॅन्सरची नसते. मेयो क्लिनिकने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या, शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींच्या मोठ्या मालिकेत तर एक सेंटीमीटरहून लहान गाठींपैकी सुमारे ४६ टक्के गाठी साध्या निघाल्या होत्या. तेव्हा तुमच्या सोलापूरच्या डॉक्टरांचे ‘बहुतेक वेळा’ हे शब्द अगदी बरोबर आहेत. प्रश्न आहे तो उरलेल्या वेळांचा.

या साध्या गाठींत मुख्यतः दोन प्रकार येतात: ऑन्कोसायटोमा आणि अँजिओमायोलिपोमा. दुसऱ्या प्रकारात चरबी असते आणि ती सीटीवर ओळखू येते. वडिलांच्या गाठीत ती दिसली असती तर बायॉप्सीचा प्रश्नच उद्भवला नसता. परंतु काही अँजिओमायोलिपोमांत चरबी इतकी कमी असते की स्कॅनवर ती कॅन्सरसारखीच दिसतात. ऑन्कोसायटोमाच्या बाबतीत तर मी कितीही बारकाईने फिल्म पाहिली तरी खात्रीने सांगू शकत नाही. मध्यभागी ताऱ्यासारखा व्रण दिसला तर शंका येते, पण तसाच व्रण कॅन्सरच्या गाठीतही दिसू शकतो.

आता आत्यांच्या भीतीबद्दल. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण सुईच्या वाटेत पेशी रुजल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. २०१९ मध्ये ब्रिटनमधील एका केंद्राने असे सात रुग्ण नोंदवले. त्यांच्या किडनीवर नंतर शस्त्रक्रिया झाली तेव्हा काढलेल्या भागात, सुई गेलेल्या मार्गावर, सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या पेशी आढळल्या. त्यांतील बहुतेक गाठी पॅपिलरी या किडनीच्या कॅन्सरच्या एका प्रकारच्या होत्या. मात्र रोग ‘अंगभर पसरणे’ ही गोष्ट वेगळी आहे. बायॉप्सीमुळे रोग दूरच्या अवयवांत गेला, असे या अभ्यासातून दिसत नाही. सुईच्या मार्गावर गाठ पुन्हा उगवून रुग्णाला त्रास झाल्याची उदाहरणे जगभरात होणाऱ्या बायॉप्सींच्या तुलनेत अत्यंत विरळ आहेत. हा धोका आणखी कमी करण्यासाठी आम्ही एकात एक जाणाऱ्या दोन सुया वापरतो. बाहेरची, साधारण १७ गेजची, सुई गाठीच्या कडेशी नेऊन तेथेच ठेवतो आणि आतली १८ गेजची सुई तिच्या पोकळीतून आत-बाहेर करतो. त्यामुळे तुकडे कितीही घेतले तरी मधल्या चरबीला आणि स्नायूंना गाठीतून आलेली सुई थेट लागत नाही.

प्रत्यक्ष क्रिया सहसा पालथे झोपवून केली जाते. आधी सीटीचे काही छेद घेऊन कातडीवर जागा ठरवली जाते, तेवढाच भाग इंजेक्शनने बधिर केला जातो आणि सुई थोडी थोडी पुढे सरकवत प्रत्येक टप्प्यावर पुन्हा छेद घेऊन तिचे टोक नेमके कोठे आहे ते पाहिले जाते. श्वासाबरोबर किडनी वर-खाली होते. म्हणून दर वेळी श्वास सारखाच रोखून धरावा लागतो आणि त्याचा सराव आम्ही आधी करून घेतो. सडपातळ व्यक्तीमध्ये, गाठ स्पष्ट दिसत असेल तर, हेच काम सोनोग्राफीवरही होते. त्यात किरणोत्सर्ग नसतो आणि सुईची हालचाल सलग दिसते. गाठीच्या कडेचे आणि आतले असे निदान दोन चांगले तुकडे आम्ही घेतो. मोठ्या गाठीचा मधला भाग पुष्कळदा मृत झालेला असतो, म्हणून तेथे कडेकडूनच घेणे शहाणपणाचे ठरते.

भरवशाबद्दल अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांत अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आहेत. कॅन्सर असेल तर तो ओळखण्याची क्षमता सुमारे ९७ टक्के आहे. मात्र सुमारे १४ टक्के वेळा तुकड्यावरून कोणतेच निदान करता येत नाही. हा १४ टक्क्यांचा आकडा नीट समजून घ्यावा. ‘निदान होऊ शकले नाही’ या अहवालाचा अर्थ ‘कॅन्सर नाही’ असा अजिबात होत नाही. अशा वेळी बायॉप्सी पुन्हा करावी लागते आणि दुसऱ्या खेपेला बहुतेकांचे, साधारण ८० टक्के रुग्णांचे, निदान होते.

गुंतागुंतीत सर्वांत मोठा वाटा रक्तस्रावाचा. किडनीभोवती रक्त साकळल्याचे सुमारे पाच टक्के रुग्णांत स्कॅनवर दिसते. परंतु रक्त चढवावे लागण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. किडनीच्या वरच्या टोकाच्या गाठीत फुप्फुसाच्या आवरणाला सुई लागून हवा भरण्याची थोडी भीती असते. तुमच्या वडिलांची गाठ खालच्या टोकाला असल्यामुळे ती जवळपास नाही. क्रिएटिनिनमुळे बायॉप्सीला अडचण येत नाही, कारण सुई नेण्यासाठी काँट्रास्ट बहुधा लागत नाही. अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. स्टेंट कधी आणि कोणता बसवला आहे हे पाहून हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिली, तरच काही दिवस ती थांबवतात. रक्तदाब वाढलेला असताना मी स्वतः सुई लावत नाही, मग रुग्ण उपाशीपोटी कितीही वेळ थांबलेला असो.

राहिला मूळ प्रश्न. अहवाल काहीही आला तरी शस्त्रक्रियाच करायची असेल, तर सुई टोचण्यात अर्थ नाही. वडिलांच्या बाबतीत मात्र अहवालाप्रमाणे वाट बदलते. साधी गाठ निघाली, तर शस्त्रक्रिया टळते. कमी आक्रमक कॅन्सर निघाला, तर या वयात आणि या क्रिएटिनिनला ठरावीक अंतराने स्कॅन करत लक्ष ठेवणे किंवा सुईनेच गाठ जाळणे अथवा गोठवणे, असे पर्याय उरतात. तीन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीसाठी हा दुसरा पर्याय चांगला चालतो. पण एकदा गाठ जाळली की तपासायला काही शिल्लक राहत नाही, म्हणून त्याआधी बायॉप्सी करणे आवश्यक मानले जाते.

हिरवा झगा

मी युरोलॉजिस्ट आहे. वर क्षकिरण यांनी दिलेल्या माहितीशी माझे भांडण नाही. परंतु अशा चर्चांमधून ‘बायॉप्सी न करता शस्त्रक्रिया सुचवणारा डॉक्टर म्हणजे कापायला टपलेला’ असा एक सूर हळूहळू तयार होतो. त्याबद्दल दोन शब्द लिहिणे मला गरजेचे वाटते.

समजा, पंचेचाळीस वर्षांची व्यक्ती आहे, दुसरे कोणतेही आजार नाहीत, दोन्ही किडन्या उत्तम आहेत आणि तीन-साडेतीन सेंटीमीटरची भरीव, उजळणारी गाठ आहे. अशा रुग्णाला मी बायॉप्सीचा आग्रह करत नाही. कॅन्सर असण्याची शक्यता आधीच ८० टक्क्यांच्या आसपास आहे. अहवाल ‘कॅन्सर’ आला तर जी शस्त्रक्रिया करायची तीच आज करायची आहे. आणि अहवाल ‘साधी गाठ’ आला तरी पुढची तीस-पस्तीस वर्षे स्कॅन करत राहायचे आहेत. त्यातही एक मेख आहे. बायॉप्सीत साधी गाठ असा निष्कर्ष निघूनही ज्यांची गाठ पुढे शस्त्रक्रियेने काढली गेली, त्यांच्यापैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत अखेर कॅन्सर निघाल्याचे एकत्रित अभ्यासांत दिसते. ज्यांच्याबद्दल डॉक्टरांना शंका होती अशाच रुग्णांच्या गाठी काढल्या गेल्या असणार, हे उघड आहे, त्यामुळे हा आकडा सरसकट सर्वांना लावता येणार नाही. तरीही ‘साधी गाठ’ हे शब्द कागदावर आले की फाइल कपाटात टाकून द्यावी, इतका तो अहवाल अंतिम नसतो.

दुसरी गोष्ट ग्रेडची. कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारी ही श्रेणी १ ते ४ अशी असते. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत ती वेगळी असू शकते, आणि सुई ज्या कोपऱ्यात गेली तेवढेच आपल्याला दिसते. तुकड्यात ग्रेड २ आणि काढलेल्या गाठीत ग्रेड ३, असा अनुभव कोणत्याही युरोलॉजिस्टला नवा नाही. तेव्हा केवळ ‘ग्रेड कमी आहे’ या एका शब्दावर विसंबून निश्चिंत राहणे मला पटत नाही. आणखी एक व्यावहारिक बाब अशी की, बायॉप्सीनंतर किडनीभोवती रक्त साकळले असेल, तर तेथील चरबी किडनीला चिकटून बसते आणि गाठीपुरता भाग काढण्याचे काम अवघड होते. हे दर वेळी होत नाही. परंतु होते तेव्हा शल्यचिकित्सकाचा कस लागतो.

काही ठिकाणी सुई लावूच नये. गाठ किडनीच्या मांसल भागातली नसून लघवी साठणाऱ्या आतल्या पोकळीच्या अस्तराची असेल, असा संशय असल्यास लघवीतील पेशींची तपासणी आणि दुर्बिणीने आतून पाहणे हा योग्य मार्ग आहे, कारण त्या प्रकारच्या पेशी रुजण्याची भीती खरोखरच जास्त असते. पाण्याने भरलेल्या, पडदे असलेल्या गाठींचीही सुईने नीट तपासणी होत नाही. भरीव भाग हाती लागत नाही आणि द्रव मात्र बाहेर गळतो. तेथे स्कॅनवर गाठ कशी दिसते यावरून तिचा वर्ग ठरवणाऱ्या बॉस्निआक वर्गीकरणानुसार निर्णय घेतला जातो. लहान मुलांच्या किडनीतील गाठींचे नियम तर पूर्णपणे वेगळे आहेत. तेथे मोठ्यांचे अनुभव लागू करू नयेत.

याउलट, जेथे मी स्वतः बायॉप्सीसाठी पाठवतो त्या जागाही सांगतो. पूर्वी दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल. स्कॅनवरून लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कॅन्सरची, शंका येत असेल. रोग आधीच फुप्फुसांत किंवा हाडांत पोहोचला असून औषधांची निवड करायची असेल. किंवा ताप, लघवीतील पू, जुने खडे अशा पार्श्वभूमीवर ही गाठ म्हणजे संसर्गच असावा असे वाटत असेल. आपल्याकडे क्षयरोगाने आणि जुनाट संसर्गाने किडनीत तयार झालेले गोळे कॅन्सरचे सोंग घेऊन येतात, आणि ही शक्यता परदेशी आकडेवारी वाचताना हटकून विसरली जाते.

भीमाकाठ, तुमच्या वडिलांचे वय, मधुमेह, क्रिएटिनिन आणि हृदयाचा इतिहास पाहता मीही बहुधा बायॉप्सीच सुचवली असती. माझा आक्षेप सरसकट बायॉप्सीला आहे, या बायॉप्सीला नाही. सोलापूरच्या डॉक्टरांना मात्र एक प्रश्न जरूर विचारा: खालच्या टोकाची, २.९ सेंटीमीटरची गाठ असताना पूर्ण किडनी काढावी लागण्याची शक्यता त्यांना का वाटते? गाठ बाहेरच्या बाजूला डोकावते आहे की आत रक्तवाहिन्यांलगत आहे, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे आणि तुम्ही दिलेल्या माहितीत ते आलेले नाही.

चिंचवाडी

मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. माझ्या उजव्या किडनीत अशीच गाठ निघाली होती आणि बायॉप्सीत ती ऑन्कोसायटोमा असल्याचे कळले. तुमच्या वडिलांना भीती वाटते म्हणून प्रत्यक्षात काय होते तेवढे लिहिते.

पोटाखाली उशी देऊन पालथे झोपवतात. बधिर करण्याचे इंजेक्शन चुरचुरते. त्यानंतर दुखत नाही, पण आत काहीतरी दाबले जात असल्याचे सतत जाणवते. तुकडा घेताना स्टेपलर मारल्यासारखा ‘टक’ असा मोठा आवाज येतो. या आवाजाची कल्पना आधी दिलेली असेल तर माणूस दचकत नाही. म्हणून डॉक्टरांना तो आधी ऐकवायला सांगावे, ते सुई हवेत चालवून दाखवतात. नंतर काही तास उताणे पडून राहावे लागते. त्या वेळात नर्स दर थोड्या वेळाने रक्तदाब पाहतात आणि प्रत्येक वेळची लघवी भांड्यात घेऊन तिचा रंग तपासतात. माझी पहिली लघवी किंचित गुलाबी होती, पुढची स्वच्छ होती. जड वस्तू उचलू नये आणि गाडीवरून खड्ड्यांच्या रस्त्याने जाऊ नये, असे त्यांनी बजावले होते. त्यातले दुसरे आमच्या भागात पाळणे कसे शक्य आहे, हे त्यांनाच ठाऊक.

माझ्या पहिल्या तुकड्यावरून निदान झाले नव्हते. तो अहवाल हातात आला तेव्हा घरातल्यांनी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते, कारण त्यात कॅन्सर हा शब्द नव्हता. आमच्या डॉक्टरांनी तो अहवाल म्हणजे कोरा कागद समजा, असे स्पष्ट सांगून बायॉप्सी पुन्हा करायला लावली आणि दुसऱ्या वेळी उत्तर मिळाले. क्षकिरण यांनी जे लिहिले आहे ते म्हणूनच पुन्हा वाचावे.

आता दर वर्षी तपासणी होते. गाठ दोन-तीन मिलिमीटरने वाढलेली दिसली की झोप उडते. परंतु ऑन्कोसायटोमाही हळूहळू वाढतो आणि केवळ वाढ झाली म्हणून ती गाठ कॅन्सरची ठरत नाही, असे मला समजावून सांगण्यात आले आहे. किडनी शाबूत आहे याचे समाधान मोठे आहे. तरीही गाठ पोटात ठेवून जगणे प्रत्येकाच्या स्वभावाला मानवेलच असे नाही, आणि निर्णय घेताना वडिलांच्या स्वभावाचाही विचार व्हावा, असे मला वाटते.

काचपट्टी

सुईने काढलेला तुकडा ज्या टेबलावर पोहोचतो त्या टेबलाच्या बाजूने थोडे लिहितो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे.

फॉर्मॅलिनच्या बाटलीतून येतो तो एक ते दोन सेंटीमीटर लांबीचा, दोऱ्याइतका बारीक तुकडा. क्लिअर सेल प्रकारचा कॅन्सर असेल तर तो पिवळसर दिसतो, ऑन्कोसायटोमा असेल तर तपकिरी. अर्थात रंगावरून कोणी निदान करत नाही. निदान न होण्याची कारणे बहुतेक वेळा याच पायरीवर कळतात: तुकड्यात केवळ रक्त आहे, केवळ मृत भाग आहे, किंवा गाठीच्या शेजारची निरोगी किडनीच आली आहे. शेवटच्या शक्यतेत तर अहवालावर ‘किडनीच्या सामान्य पेशी’ असे लिहिलेले असते आणि नातेवाईक आनंदित होतात. वास्तविक त्याचा अर्थ सुई गाठीत पोहोचलीच नाही, इतकाच असतो.

सर्वांत अडचणीची जोडी म्हणजे ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब प्रकारचा कॅन्सर. दोन्हींच्या पेशी गुलाबी, दाणेदार असतात आणि लहानशा तुकड्यात त्या एकमेकींसारख्या दिसू शकतात. अशा वेळी आम्ही इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाच्या विशेष रंगचाचण्या करतो. सीडी-११७ ही चाचणी दोन्हींत होकारार्थी येते, म्हणून ती या दोघांना वेगळे करत नाही. सीके-७ ही चाचणी ऑन्कोसायटोमात तुरळक पेशींपुरती आणि क्रोमोफोबमध्ये बहुधा सर्वदूर रंगते, म्हणून तिचा उपयोग होतो. चरबी कमी असलेल्या अँजिओमायोलिपोमाला एचएमबी-४५ पकडते. गाठ मुळात किडनीचीच आहे की दुसरीकडून आली आहे, हे ठरवण्यासाठी पॅक्स-८ उपयोगी पडते. इतके करूनही काही वेळा आम्हाला ‘ऑन्कोसायटिक गाठ, ऑन्कोसायटोमा असण्याची शक्यता अधिक’ असेच लिहावे लागते. वाचणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते, पण त्या तुकड्यात जेवढे आहे त्यापलीकडचे लिहिणे हे त्याहून वाईट ठरेल. असा अहवाल आला तर युरोलॉजिस्ट सामान्यतः लक्ष ठेवण्याचाच मार्ग धरतात, कारण क्रोमोफोब निघालाच तरी तो बहुधा संथ स्वभावाचा असतो.

म्हणून या रंगचाचण्या होतील अशा प्रयोगशाळेतच तुकडा पाठवला जाईल ना, याची चौकशी आधी करावी. त्यांचा खर्च वेगळा लागतो आणि अहवालाला काही दिवस जास्त लागतात. एकदा तयार झालेले मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घेता येतात. शंका राहिली तर ते ठोकळे मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्टांना दाखवून दुसरे मत घेता येते. त्यासाठी वडिलांना पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

भीमाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हिरवा झगा यांनी विचारलेली गोष्ट सीटीच्या अहवालात पुन्हा पाहिली. गाठीचा अर्ध्याहून अधिक भाग किडनीबाहेर, मागच्या बाजूला डोकावत असल्याचे आणि ती मुख्य रक्तवाहिन्यांपासून दूर असल्याचे त्यात लिहिले आहे. वडिलांना मी हा धागा वाचून दाखवला. चिंचवाडी यांच्या लिखाणानंतर त्यांनी प्रथमच स्वतःहून प्रश्न विचारला, तो असा: बायॉप्सीत कॅन्सर निघाला आणि तरीही शस्त्रक्रिया करायची नाही असे ठरवले, तर ते चालते का? आत्यांचे मत अर्थातच बदललेले नाही.

क्षकिरण

बाहेर आणि मागे डोकावणारी, खालच्या टोकाची गाठ म्हणजे सुईसाठी सर्वांत सोयीची जागा; पाठीच्या स्नायूंतून सरळ जाता येते आणि आतडे वाटेत येण्याची शक्यता कमी असते. गाठीपुरता भाग काढण्यासाठीही हीच जागा अनुकूल आहे, तेव्हा पूर्ण किडनी काढण्याबद्दलचा प्रश्न सोलापुरात अवश्य विचारा.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, होय, चालते, आणि ती हयगय मानली जात नाही. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्या रुग्णांत लहान गाठीवर केवळ लक्ष ठेवणे हा मान्यताप्राप्त पर्याय आहे. अशा गाठी सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतात आणि लक्ष ठेवण्याच्या काळात रोग इतरत्र पसरण्याचे प्रमाण अभ्यासांत एक ते दोन टक्के आढळले आहे. मात्र त्यासाठी सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे ठरावीक अंतराने स्कॅन चुकवता कामा नये. वाढीचा वेग वर्षाला पाच मिलिमीटरच्या पुढे गेला किंवा गाठ चार सेंटीमीटरकडे सरकू लागली, तर निर्णय पुन्हा उघडावा लागतो. क्रिएटिनिन १.७ असल्यामुळे प्रत्येक वेळी काँट्रास्ट द्यायलाच हवा असे नाही. आकार मोजण्यापुरते सोनोग्राफी किंवा बिनकाँट्रास्टचे एमआरआय पुरेसे ठरू शकते, आणि शक्यतो दर वेळी एकाच प्रकारची तपासणी एकाच ठिकाणी करावी, म्हणजे मोजमापांची तुलना नीट होते.

बायॉप्सीच्या दिवशी सीटीची सीडी किंवा फिल्म, रक्त गोठण्याच्या चाचण्यांचे अहवाल, प्लेटलेटची संख्या आणि अ‍ॅस्पिरिनबाबत हृदयरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली चिठ्ठी सोबत ठेवा. मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचे की नाही, हे आदल्या दिवशीच फोन करून विचारा. आत्यांना वाटल्यास बरोबर आणा. सीटीच्या पडद्यावर सुईचे टोक गाठीत दिसते तो छेद मी नातेवाइकांना नंतर दाखवतो, आणि तुमचे डॉक्टरही बहुधा नाही म्हणणार नाहीत.